चौथा डबा

गीताबाईला आईचा चेहरा आठवायचा नाही. चेहऱ्यावर पडलेला उजेड आठवायचा. कपाळावर आलेली केसांची बट आठवायची, ती सारायला पिठाचा हात वर गेला की कपाळाला उमटणारा पांढरा फराटा आठवायचा. पण फराट्याखालचे डोळे कसे, नाक कसं, हनुवटीला खळी होती की नव्हती, हे काही केल्या हाती लागायचं नाही. डोळे मिटून ती फार जवळ गेली की नुसता पडद्याचा पांढरेपणा उरायचा.

पडद्याचा म्हणायचं, कारण आई तिने पाहिली ती पडद्यावरच.

आई म्हणजे बनुबाई. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत ती नांदत होती. गीता मांडीवर असताना वाडीत मुंबईची माणसं आली आणि मुक्काम ठोकून त्यांनी सिनेमा काढला. ‘सरव्याचे दिवस’ असं त्याचं नाव. कापणी झाली की शेतात गळून राहिलेली कणसं वेचून आणणाऱ्या बायकांची ती गोष्ट. काळा-पांढरा, नाच नाही, मारामारी नाही. त्यातल्या नटीला एके ठिकाणी जात्यावर बसायचं होतं. तिला काही ते ओढवेना. खुंटा एकीकडे जायचा, ती एकीकडे. दाराशी उभ्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, त्यात बनुबाईचं हसू जरा जास्तच ऐकू गेलं. दिग्दर्शकाने तिलाच आत बोलावलं, जात्यापुढे बसवलं आणि सांगितलं, रोज म्हणता तसंच म्हणा. बनुबाईने मांडीवरच्या लेकीला पायांच्या बेचक्यात निजवलं आणि तिचंच नाव गुंफून ओवी म्हटली.

पुढच्या पावसाळ्यात भाताची रोपं, आवण, लावताना बनुबाईला पान लागलं. साप डसला असं कुणी म्हणायचं नाही तिकडे. संध्याकाळच्या आत संपलं सगळं. फोटो काढून ठेवायची रीत वाडीत कुणाला होती? मागे उरली ती तेवढीच बनुबाई, जात्यापुढे बसलेली, सिनेमाच्या चौथ्या रिळात.

गीताचा बाप दत्ताराम जत्रांतून तंबूचा सिनेमा चालवायचा. ‘सरव्याचे दिवस’ मुंबईत आठवडाभरही टिकला नाही, तेव्हा तो जाऊन त्याची एक प्रत मागून घेऊन आला. जत्रेत एकदा लावून बघितला, तर माणसं भेळ खायला बाहेर गेली ती परत आलीच नाहीत. पुन्हा त्याने तो कुणाला दाखवला नाही. मात्र दर साली पाऊस तोंडावर आला, तंबू मोडायचा दिवस आला, की माणसं पांगल्यावर तो फक्त चौथं रीळ चढवायचा. रिकाम्या तंबूत बाप यंत्रापाशी, लेक पुढ्यात मातीत फतकल मारून, आणि पडद्यावर आई दळत असलेली.

“ही तुझी आय,” तो सांगायचा. दर साली तेवढंच.

मग गावोगाव व्हिडिओ आला. तंबू गेला, यंत्र गेलं. गीता लग्न होऊन महाडला खालच्या आळीत आली, आणि म्हातारपणी दत्ताराम लेकीकडे राहायला आला तेव्हा सिनेमाचे डबे घेऊन आला. ते पोटमाळ्यावर चढले. चौथ्या डब्याच्या झाकणाभोवती त्याने मेणबत्ती फिरवून फिरवून मेण बसवलं होतं, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तशा निगुतीने. बाकीच्या डब्यांना त्याने एवढं काही केलं नव्हतं. उघडू नको, एवढंच तो लेकीला सांगून गेला.

आणि मग तो मोठा पूर आला.

सावित्रीचं पाणी खालच्या आळीत शिरणं नवं नव्हतं. ते उंबऱ्यापर्यंत यायचं, रेंगाळायचं, जायचं. त्या साली मात्र ते पोटमाळ्यावर चढलं. गीताबाई आणि तिची सून सेजल शाळेच्या माडीवर जाऊन बसल्या होत्या म्हणून वाचल्या. उतरल्या तेव्हा घरात मांडीएवढा गाळ होता आणि फ्रीज उताणा पडून छताकडे बघत होता.

पुरानंतर महाडात एकच काम असतं, धुवायचं. भांडी, कपडे, गाद्या, देव, पोरांची दप्तरं, मयताचे फोटो, पाण्याने शिवलेलं जे जे म्हणून आहे ते धुवायचं, कढत पाण्याने धुवायचं आणि उन्हाला टाकायचं. धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही; लहान पोरंही बाहुल्या धुवायला बसतात. गल्लीभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि साड्यांच्या रांगेत कुणाचा लग्नाचा आल्बम, कुणाची सातवीची मार्कशीट चिमट्याला लटकत होती.

सिनेमाचे डबे गाळात सापडले. बऱ्याच डब्यांची झाकणं उडाली होती आणि आतून चिखल दह्यासारखा निघत होता. ती रिळं दोघींनी भराभर पाण्यातून काढली आणि दोरीवर टाकली. दोन डबे गंजून असे बसले होते की उघडता उघडेनात. ते गीताबाईने कंटाळून जिन्याखाली सरकवले. राहिला चौथा. मेणावर गाळाचा थर चढला होता. शेजारचा गॅरेजवाला पांडू म्हणाला, काकी, हा घट्ट हाय, राहू दे.

“आय माझी चिखलात बसलीय,” गीताबाई म्हणाली, “नि मी पातेली घासू?”

पांडूने छिन्नी लावून मेण उडवलं, झाकण उचकटलं. आतून आंबूस वास आला, ताक फार दिवस राहिल्यासारखा. गीताबाईला वाटलं, पुराचीच ही घाण. त्या दिवसांत तिचे डोळे आले होते, आळीत सगळ्यांचेच आले होते. पापण्या चिकटायच्या, उजेड बघवायचा नाही. तिने नाकानेच ओळखलं आणि नाकानेच ठरवलं. चांगलं पाणी टँकरने यायचं, रांगेत उभं राहून मिळायचं. त्या दिवशीचं दोघींच्या वाटणीचं सगळं पाणी तिने बंबात घातलं. लाकडं भिजलेली, म्हणून तुटक्या खुर्चीचे पाय जाळले. रिठे उकळले. आणि बाळंतिणीला न्हाऊ घालावं तसं, घमेल्यात पाय सोडून बसून, ते रीळ वेटोळ्या-वेटोळ्याने सोडत तिने न्हाऊ घातलं. मऊ धोतराच्या फडक्याने पुसून काढलं. सेजल वरून पाणी ओतत होती.

“आई, काळं पाणी निघतंय हो,” सेजल म्हणाली.

“निघू दे. घाण निघतीय.”

घमेलं चार वेळा मोरीत उपडं केलं. पाचव्यांदा पाणी स्वच्छ निघालं तेव्हा तिच्या जिवाला बरं वाटलं. वाळल्यावर रीळ गुंडाळलं ते सेजलने. ती मोबाइलवर वाढलेली पोर, सिनेमाची पट्टी तिने जन्मात पाहिली नव्हती. “काचेसारखं लख्ख झालंय,” ती सासूला म्हणाली. गीताबाईने झाकण लावलं, वर कडुनिंबाचा पाला बांधला आणि डबा देव्हाऱ्याशेजारी ठेवला. दुसऱ्या डब्यांना तेवढा मान नव्हता. ते परत माळ्यावर गेले.

त्यानंतर तीनेक वर्षं गेली. सेजल बिरवाडीला कारखान्यात पॅकिंगला जायची. जेवणाच्या सुट्टीत फोन चाळताना एक दिवस तिला रंगवलेल्या पोस्टरचा फोटो दिसला, खाली लिहिलेलं: ‘सरव्याचे दिवस’ कुणी पाहिलाय का? नाव तिने सासूच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की घास हातातच राहिला.

तो एक गट होता. त्या सिनेमाची आठवण धरून बसलेल्या माणसांचा. त्यातल्या कुणी तो लहानपणी दूरदर्शनवर एका दुपारी अर्धाच पाहिला होता, कारण मध्येच वीज गेली. कुणी नुसतं परीक्षण वाचलं होतं. रत्नागिरीच्या एका निवृत्त प्राध्यापकांना त्यातली वाऱ्याने हलणारी कणसं स्वप्नात दिसायची. मूळ निगेटिव्ह मुंबईच्या गोदामात भिजून गेलेली, प्रती कुठे उरल्या नव्हत्या. तरी ही माणसं दर आठवड्याला आशा लावून बसायची. एखादी प्रत सापडेल, ती साफसूफ करून घेता येईल, तिची चांगली डिस्क निघेल, सोबत माहितीची पुस्तिका असेल. सिनेमा सापडलेला नसताना डिस्कच्या कव्हरवर नटी असावी की नुसतं शेत, यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

सेजलने लिहिलं, आमच्या घरी आहे.

त्यावर आधी कुणी विश्वासच ठेवला नाही. एकाने विचारलं, ताई, दुसऱ्या कुठल्या सिनेमाशी गल्लत होत नाही ना? सेजलने डब्यावरच्या कागदाचा फोटो टाकला. मग मात्र फोन दिवसभर थरथरत राहिला, इतका की सुपरवायझरने तो काढून घेतला.

गीताबाईला नवल वाटलं ते याचं, की आपल्या आईची वाट बघणारी परकी माणसंही आहेत. एका बाईने परदेशातून लिहिलं होतं, मला त्यातली नटी आठवत नाही, पण जात्यावरची बाई आठवते, ती कोण होती हो? सेजलने ते वाचून दाखवलं. गीताबाईने परत वाचायला लावलं. मग परत. तिने विचारलं, हिला तिचं नाक आठवतं का, विचार. सेजलने विचारलं नाही.

गटातल्या लोकांनी ओवी मागितली. गीताबाईला तीन ओळी येत होत्या, त्या तिने फोनपुढे म्हटल्या, लाजत, घसा खाकरून:

नाचणी दळीते मी, पीठ पडं भुरूभुरू
लेकी माझे गीता, नको दारात गो झुरू
घाटाच्या वळणाला, झाला पाऊस गो सुरू

चौथी ओळ तिच्याकडे नव्हती. ती ‘रू’वर संपत होती एवढं नक्की, तिथे आई मान वर करून हसायची आणि हसण्यात शब्द अर्धा जायचा. पाखरू होतं, वासरू होतं, की लेकरू? गटात तीन दिवस त्याचाच खल चालला. प्राध्यापकांनी पाखराच्या बाजूने लांबलचक लिहिलं. नागपूरचा कुणीतरी वासरू सोडायला तयार नव्हता. शेवटी ठरलं, डिस्क निघेल तेव्हा ऐकू. गीताबाईचा जीव त्या एका ओळीत अडकला होता, आणि त्या वर उचललेल्या मानेत. साठी उलटली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. आईपेक्षा ती आता दुप्पट वयाची होती. एकदा बघितलं की झालं, ती सुनेला म्हणायची. मग डोळे गेले तरी चालतील.

पुण्याहून मंगेश आला. गटातला तो जरा जाणता. बँकेतली नोकरी सांभाळून जुनी रिळं वाचवणाऱ्यांच्यात वावरायचा. चहा घ्यायच्या आधी त्याने पांढरे हातमोजे घातले, ते बघून पांडूने दारातून विचारलं, ऑपरेशन हाय काय? माळ्यावरचा पहिला डबा उघडला आणि मंगेशचा चेहरा पडला. आतलं रीळ एकजीव झालं होतं, दगडी पाट्यासारखं. बोट घालायला फट नव्हती. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. तो म्हणाला, अशीही कधी कधी सुटतात, बघू. जिन्याखालचे गंजके दोन डबे त्याने हलवून पाहिले, कानाशी लावले, आणि पहिल्यांदाच थोडा हसला.

चौथ्याला त्याने हात लावला तशी गीताबाई म्हणाली, “तो तिथं नेऊनच उघडा. त्याची काळजी नाय. धुऊन-पुसून ठेवलाय मी.”

“धुऊन?” मंगेश म्हणाला.

“गरम पाण्याने. रिठ्याने.”

मंगेशने एक हातमोजा काढला, परत घातला. “बरं,” तो म्हणाला. चहा त्याने तसाच ठेवला. गीताबाईला वाटलं, साखर जास्त झाली.

पावसाळा गेला. गटात रोज कुणीतरी विचारायचं, काही कळलं का? मंगेश लिहायचा, काम सुरू आहे. डोंगरउतारावरची भातं पिवळी झाली. आता आईसाठी गीताबाईने एक साडी काढून ठेवली होती, म्हणजे स्वतःला नेसायला. आईसमोर बसायचं तर नवं काहीतरी हवं. सेजलने कारखान्यातून रजा मागून ठेवली. मुंबईला नोकरीला असलेला मुलगा, सेजलचा नवरा, म्हणाला, मोठा टीव्ही पाठवतो.

मंगेश फोन न करता आला, आणि एकटाच आला. हातात लॅपटॉप आणि कापडी पिशवीत गोल काहीतरी. गीताबाई गडबडीने आत गेली आणि ती साडी नेसून आली. त्याने आधी दोन गंजक्या डब्यांतलं दाखवलं. त्यात पाणी शिरलंच नव्हतं. चित्र थरथरत होतं, पण होतं: पोलादपूरच्या वरचा डोंगर, त्याखालचं कापलेलं शेत, वाकून कणसं वेचणाऱ्या बायका. एक कुत्रं कॅमेऱ्याकडे बघून भुंकून गेलं. गीताबाईने डोंगराच्या सोंडेवरचा आंबा ओळखला. तो आता रस्त्यात गेला. मंगेश म्हणाला, एवढं तरी वाचलंय, गटातले लोक खूश आहेत, याचीच डिस्क काढणार. तो बराच वेळ डिस्कबद्दल बोलत राहिला.

“नि चौथं?” सेजलने विचारलं.

मंगेशने पिशवीतून डबा काढून जमिनीवर ठेवला. झाकण काढलं, पट्टीचं टोक धरून हातभर ओढली आणि खिडकीकडे धरली. पट्टीतून आळी दिसली, समोरच्या घराचा पत्रा दिसला, पत्र्यावर पोह्यांसाठी वाळत टाकलेलं भात दिसलं. बाकी काही नव्हतं. कडेची भोकं तेवढी ओळीने होती.

“सगळं असंच आहे?”

“सगळं. आवाजही त्याच पट्टीवर असतो, मावशी. तोही.” मग तो घाईने म्हणाला, “पुराचं पाणी वाईट. कित्येकांची अशी गेली.”

गीताबाईने डबा मांडीवर घेतला. झाकणाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. सगळीकडून फिरवून झाल्यावर तिने बोट बघितलं.

“आतून गाळाचा डाग नाय,” ती म्हणाली.

मंगेशने लॅपटॉप मिटला.

“बाळा, खरं सांग. पाणी शिरलं होतं हिच्यात?”

“नसावं,” तो म्हणाला. “मेण चांगलं होतं.”

“मग तो वास?”

“जुन्या रिळांना येतो तसा वास. आपोआप येतो.”

“नि कढत पाण्याने चित्र सुटतं?”

“थर सुटतो त्याचा. त्यावरच चित्र असतं.”

“सुटताना काळा सुटतो?”

मंगेशने मान खाली घातली. सेजल भिंतीला टेकली होती ती तशीच खाली बसत गेली आणि म्हणाली, “मी ओतत होते, आई. मी म्हटलं होतं काळं निघतंय.” गीताबाईने तिच्याकडे बघितलं नाही. ती मोरीकडे बघत होती. मोरीतून नळी, नळीतून गटार, गटारातून सावित्री. मातीचं पाणी तांबडं असतं. महाडात जन्म गेलेल्या बाईला गाळाचा रंग माहीत नव्हता का? चार घमेली तिने स्वतः उचलून ओतली होती, कंबर दुखत असताना, बरं वाटून. ते केस होते आईचे. तो पिठाचा हात होता. ती ओवी होती, चौथ्या ओळीसकट.

बाहेर पांडू कुणाच्यातरी गाडीचा हॉर्न तपासत होता.

मग मंगेश म्हणाला की गटातल्यांनी एक सुचवलंय. चौथ्या रिळाच्या जागी पडदा कोरा ठेवायचा आणि तुम्ही फोनवर म्हटलेली ओवी तिथे घालायची, खाली आईंचं नाव. सगळ्यांची फार इच्छा आहे. तुम्ही हो म्हणालात तरच.

“माझा आवाज नको,” गीताबाई म्हणाली. “तिथं ती होती. नाव घाला तिचं. जागा रिकामी ठेवा.”

“एवढा वेळ काहीच दिसलं नाही, ऐकू आलं नाही, तर लोकांना वाटेल डिस्क बिघडलीय.”

“वाटू दे.”

तो उठला. चहाचा कप स्वतःच नेऊन मोरीत ठेवायला निघाला, आणि मोरीपाशी जाऊन थबकला. कप त्याने ओट्यावर ठेवला. डबा घेऊन जाऊ का, त्याने विचारलं, संग्रहात ठेवतात रिकामी पट्टीसुद्धा. गीताबाईने नको म्हणून नुसता हात हलवला.

तो गेल्यावर तिने पट्टी गुंडाळली. या वेळी स्वतः गुंडाळली, कडा जुळवत, कुठे बोट न लावता, बाप गुंडाळायचा तशी. झाकण बसवलं. देव्हाऱ्यातली मेणबत्ती मागितली. सेजलने पेटवून दिली आणि काही सांगायच्या आधीच डबा दोन्ही हातांनी तिरका धरला. गीताबाई झाकणाच्या कडेने थेंब थेंब मेण सोडत गेली. सेजलच्या हाताला एक थेंब लागला, तिने डबा हलू दिला नाही.

“जरा फिरव,” गीताबाई म्हणाली.

सेजलने डबा फिरवला, जातं फिरावं तसा, सावकाश. अर्धा फेरा झाल्यावर गीताबाईच्या तोंडून ओवी आली, गळ्यातल्या गळ्यात. भुरूभुरू झालं, झुरू झालं, घाटाच्या वळणाला पाऊस सुरू झाला. तिथे ती थांबली. मेणबत्ती हातात तशीच जळत होती, आणि सेजल डबा धरून पुढच्या ओळीची वाट बघत राहिली.